बंदिवासातील मैत्री : विज्ञानकथेतील एक जुना पेच

विज्ञानकथा म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम यंत्रे उभी राहतात. अंतराळात झेपावणारी याने, समुद्राच्या तळाशी फिरणाऱ्या पाणबुड्या, माणसासारखी बोलणारी लोखंडी शरीरे, असा तो सारा सरंजाम असतो. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते मात्र त्या यंत्रांच्या पोटात कोंडल्या गेलेल्या माणसांविषयी. ज्यांनी ह्या कथाप्रकाराचा पाया घातला आणि ज्यांनी पुढे त्यावर मजले चढविले, त्यांच्या कादंबऱ्या एकीशेजारी एक ठेवून पाहिल्या, तर त्यांत एक प्रसंग पुनःपुन्हा भेटतो. माणूस परक्यांच्या कैदेत पडला आहे. ह्या परक्यांपैकीच कोणी एक त्याच्याशी ममतेने वागतो, त्याला खाऊपिऊ घालतो, आपली भाषा शिकवितो आणि म्हणतो, “थोडा धीर धर, माझ्यावर विसंबून राहा.” इकडे भिंतीला एक फट दिसत असते. ती उद्या असेलच असे नाही. पळावे तर मरणाचे भय, थांबावे तर फसवणुकीचे भय. मग त्या माणसाने करावे काय?

हा प्रश्न केवळ करमणुकीचा असता, तर वसंत व्याख्यानमालेसाठी तो निवडण्याचे कारण नव्हते. परंतु कथा जरी काल्पनिक असल्या, तरी प्रश्न काल्पनिक नाही. तो इतिहासातून कथेत आला आहे आणि कथेतून पुन्हा आपल्याकडे परत येतो. म्हणून आरंभी थोडे इतिहासाकडे वळू.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात कैदेच्या हकिकती मोठ्या आवडीने वाचल्या जात. त्यांपैकी कित्येकींचा संबंध आपल्या देशाशी आहे. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूर येथे हैदर अलीने इंग्रजांच्या एका फौजेचा धुव्वा उडविला. जे जगले-वाचले ते श्रीरंगपट्टणच्या बंदीखान्यात गेले. १७८४ साली मंगळूरचा तह झाला, तेव्हा त्यांतले पुष्कळ सुटले. डेव्हिड बेअर्ड हा त्यांपैकीच एक. हाच गृहस्थ पुढे १७९९ साली त्याच श्रीरंगपट्टणावर चालून जाणाऱ्या हल्ल्याचा म्होरक्या झाला. ह्या सुटलेल्या लोकांनी आपल्या हालांच्या कहाण्या सांगितल्या व छापल्या. पण सारेच परतले नाहीत. काहींना जबरीने धर्म बदलावा लागला आणि टिपूच्या पलटणींत चाकरी करावी लागली. काहींनी ती नशिबाचा भाग म्हणून पत्करली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जो सुटून येतो त्याचे पुस्तक होते, जो मागे राहतो त्याचे सहसा होत नाही. म्हणून कैदेच्या साऱ्या वाङ्मयात पळून जाण्याची बाजू जात्याच बळकट असते. राहिलेल्याला वकील मिळाला तो फार उशिरा, आणि तो विज्ञानकथेने दिला, हे पुढे दिसेल.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि आमच्या मते ह्या पेचाचे इतके नितळ वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलँड संस्थानात गुलाम म्हणून जन्मास आला. आपले आत्मवृत्त त्याने १८४५ साली प्रसिद्ध केले. त्यात बाल्टिमोरच्या धक्क्यावरचा एक प्रसंग आहे. दोन आयरिश मजूर दगड उतरवीत होते. हा मुलगा न सांगता त्यांच्या मदतीला गेला. बोलता बोलता तो जन्माचा गुलाम आहे हे कळल्यावर त्या दोघांना वाईट वाटले, आणि तू उत्तरेकडे पळून जा, तिकडे तुला आसरा मिळेल, असे त्यांनी त्याला सांगितले. डग्लसने आपल्याला काही समजलेच नाही असे दाखविले. कारण गुलामांना पळण्याची फूस द्यावयाची, मग त्यांना धरून मालकाकडे पोहोचवायचे आणि बक्षीस उपटायचे, असा धंदा करणारे गोरे लोक त्याला ठाऊक होते. हे दोघे बहुधा प्रामाणिक होते असे तो स्वतःच लिहितो. तरी त्या क्षणी ते ओळखण्याचे त्याच्यापाशी काहीच साधन नव्हते. शब्द खऱ्या मित्राचेही तेच असतात आणि लबाडाचेही तेच असतात.

१८३६ साली डग्लसने सोबत्यांसह पळण्याचा बेत केला, तो आधीच फुटला. पुढे ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून, एका स्वतंत्र कृष्णवर्णी खलाशाचे कागदपत्र खिशात घालून, तो आगगाडीने निघाला व न्यूयॉर्कला पोहोचला. त्या कागदांवरील वर्णन डग्लसच्या अंगयष्टीशी नीट जुळतही नव्हते. तो पकडला गेला असता तर त्याच्याबरोबर कागद देणाराही बुडाला असता. म्हणून आपण कसे सुटलो हे डग्लसने १८४५ च्या पुस्तकात मुळीच सांगितले नाही. ते त्याने उघड केले १८८१ साली, म्हणजे गुलामगिरी नष्ट होऊन कितीतरी वर्षे लोटल्यावर. ह्या एका हकिकतीत दोन्ही बाजू आल्या आहेत. धक्क्यावरच्या मजुरांनी सल्ला दिला, त्यात त्यांचे काही जाणार नव्हते. खलाशाने आपले कागद दिले, त्यात त्याचे स्वातंत्र्यच पणाला लागले होते. पहिल्यावर डग्लसने विश्वास ठेवला नाही, दुसऱ्यावर ठेवला. हा भेद मनात ठेवून आता कादंबऱ्यांकडे जाऊ.

ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाची ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही कादंबरी १८६९ आणि १८७० ह्या दोन वर्षांत एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या, त्यामुळे हा लेखक आपल्याला परका नाही. समुद्रात जहाजांना धडका देणाऱ्या एका अज्ञात प्राण्याच्या शोधात अमेरिकन युद्धनौका निघते. तो प्राणी म्हणजे नॉटिलस ही पाणबुडी निघते. तिच्या पाठीवर तिघे जण येऊन पडतात : पॅरिसचे प्राध्यापक आरोनाक्स, त्यांचा सेवक काँसेय आणि नेड लँड हा कॅनडाचा देवमासे मारणारा भालाईत. पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो त्यांना सांगतो की, येथे तुम्हांला सर्वत्र फिरण्याची मोकळीक आहे, मात्र ही नौका सोडून जाण्याची मोकळीक कधीही मिळणार नाही.

व्हर्नने येथे फार चतुराईने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दोन माणसांत वाटून दिली आहेत. नेड लँडला पहिल्या दिवसापासून पळावयाचे आहे. त्याला बारा हजार ग्रंथांच्या ग्रंथालयाचे कौतुक नाही, खिडकीतून दिसणाऱ्या माशांच्या जातींचे नाही. प्राध्यापकाचे तसे नव्हे. ज्या समुद्रावर त्याने काठावर बसून ग्रंथ लिहिला, तोच समुद्र आता काचेपलीकडे उलगडत आहे. त्याला सुटका हवी असते, पण आज नको, उद्या हवी असते. विद्येची गोडी ही कैदेची सर्वांत मऊ बेडी आहे. १८६७ च्या नोव्हेंबरपासून १८६८ च्या जूनपर्यंत तो ह्या बेडीत राहतो आणि तिला पाहुणचार म्हणतो.

आणि नेमो तरी साधा जेलर आहे काय? सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क धावून येतो, तेव्हा नेमो हातात सुरा घेऊन त्या शार्कवर तुटून पडतो. वाचविलेल्या माणसाच्या हाती तो मोत्यांची पिशवीही ठेवतो. तो माणूस पीडितांच्या देशाचा आहे आणि आपण त्याच देशाचे आहोत, अशा अर्थाचे उद्गार तो नंतर काढतो. विगोच्या उपसागरात बुडालेल्या गलबतांतले सोने उपसून तो परवशतेविरुद्ध लढणाऱ्या लोकांना पोहोचवितो. गंमत अशी की, त्या शार्कच्या तावडीतून खुद्द नेमोला सोडवितो तो नेड लँड. पुढे एका राक्षसी समुद्रप्राण्याच्या विळख्यातून नेडला सोडवितो तो नेमो. एकमेकांचे प्राण वाचविलेली ही दोन माणसे, आणि तरी एकाच्या हाती किल्ली, दुसऱ्याच्या पायात बेडी!

हा नेमो कोण, ह्याचा उलगडा व्हर्नने पुढे १८७४-७५ साली ‘गूढ बेट’ ह्या कादंबरीत केला. तो आहे बुंदेलखंडच्या एका राजाचा मुलगा डाकार, टिपू सुलतानाचा भाचा-पुतण्या असा काही नात्याने लागणारा, १८५७ च्या युद्धात लढलेला आणि त्यात घरदार गमावलेला. बुंदेलखंडचा राजपुत्र आणि म्हैसूरचा टिपू ह्यांची सोयरीक इतिहासात बसत नाही, हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नकोच. व्हर्नच्या मनात मुळात होता तो एक पोलिश सरदार. १८६३ च्या पोलंडच्या उठावात रशियनांनी ज्याचे कुटुंब मारले असा. परंतु त्याचा प्रकाशक एत्झेल ह्याने हरकत घेतली. रशियात ह्या पुस्तकांचा मोठा वाचकवर्ग होता आणि फ्रान्सला रशियाला दुखवावयाचे नव्हते. म्हणून पोलंडचे नाव गळाले आणि पुढे त्या जागी हिंदुस्थान आले. तेव्हा टिपूच्या बंदीखान्यातील इंग्रजांच्या हकिकती वाचणाऱ्या युरोपला, आता टिपूच्या कल्पित नातेवाइकाच्या कैदेत पडलेले युरोपीय पाहावयास मिळाले. एवढाच फरक की, ह्या वेळी कैद करणाऱ्याची बाजूही लेखकाने ऐकून घेतली होती.

पण बाजू ऐकून घेणे वेगळे आणि विश्वास टाकणे वेगळे. प्राध्यापक एकदा धीर करून सुटकेची गोष्ट काढतो आणि ह्याला गुलामगिरी म्हणतात असे सुनावतो. त्यावर नेमो जे सांगतो त्याचा आशय असा की, गुलामाला आपले स्वातंत्र्य परत मिळविण्याचा हक्क असतो हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच पळणार नाही असा शब्द मी तुमच्याकडून कधी मागितलेला नाही. नेमोच्या मोठेपणाचा हा कळस आहे, आणि त्याच्या मैत्रीची मर्यादाही हीच आहे. तो कैद्याचा हक्क मान्य करतो, पण त्यासाठी आपल्या पदरचे काही देत नाही. तो सोने देतो, मोती देतो, विद्या देतो, प्रसंगी प्राणही धोक्यात घालतो. फक्त आपली गुप्तता तो कोणासाठी धोक्यात घालीत नाही. अखेर एका युद्धनौकेला तो पाण्याखालून भोसकतो, आणि ती माणसांसह बुडताना प्राध्यापकाला खिडकीतून पाहावे लागते, तेव्हा कुठे त्याचा निश्चय होतो. तिघे होडीतून निसटतात, नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या भोवऱ्यात सापडतात आणि लोफोटेन बेटांवर एका कोळ्याच्या झोपडीत शुद्धीवर येतात. नेड लँड पहिल्या दिवशी जे म्हणत होता ते प्राध्यापकाला पटावयास सात महिने लागले.

तर मग सरसकट पळून जाणेच शहाणपणाचे, असा निकाल द्यावा काय? एच. जी. वेल्सने १९०१ साली ‘चंद्रावरील पहिली माणसे’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तीत हा निकाल इतका सोपा राहत नाही. केव्हर हा शास्त्रज्ञ आणि बेडफर्ड हा दिवाळे निघालेला व्यापारी चंद्रावर जातात आणि तेथील कीटकसदृश चंद्रवासीयांच्या हाती सापडतात. त्यांना सोन्याच्या साखळ्यांनी बांधले जाते, कारण चंद्रावर सोने स्वस्त आहे. एका खोल दरीवरच्या अरुंद फळीवरून जाण्याचा त्यांना हुकूम होतो. केव्हरचे म्हणणे, हे प्राणी बुद्धिमान आहेत, फळीवरून चालणे आपल्याला जमत नाही हे त्यांना ठाऊक नसेल, थोडे समजावून पाहू. इतक्यात टोचणीचा काटा बेडफर्डला लागतो आणि तो साखळी गुंडाळलेल्या मुठीने एका चंद्रवासीयाला हाणतो. त्या हलक्या जगातला तो नाजूक प्राणी एका ठोशात फुटतो. त्यापुढे बोलणी संपतात.

बेडफर्ड निसटून गोल यानात बसतो आणि पृथ्वीवर येतो. केव्हर गुडघा दुखावल्यामुळे मागे राहतो व पुन्हा पकडला जातो. आणि येथून वेल्सची खरी गोष्ट सुरू होते, कारण मागे राहिलेला माणूस बोलू लागतो. ज्या वर्षाच्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला बिनतारी संकेत टिपला, त्याच वर्षीच्या ह्या पुस्तकात केव्हर चंद्रावरून बिनतारी संदेश पाठवितो. त्याला मारले गेलेले नाही. त्याला शिकविण्यासाठी दोन चंद्रवासी नेमले आहेत. पुढे चंद्राच्या सम्राटापुढे त्याला नेण्यात येते, आणि तो प्रचंड मेंदूचा सम्राट पृथ्वीची माहिती विचारू लागतो.

केव्हर सारे खरे सांगतो. माणसे राष्ट्राराष्ट्रांत वाटलेली आहेत, ती एकमेकांशी युद्धे करतात, त्यांत त्यांना आनंदही वाटतो, हे सर्व तो सांगून जातो. चंद्रावर येण्याची विद्या आपल्या एकट्यापाशी आहे, हेही त्याच्या बोलण्यात येते. मग एक दिवस त्याचे संदेश तुटतात. सम्राटाने विश्वासघात केला असे वरवर वाचणारा म्हणेल. आम्हांला वाटते, वेल्सचा रोख दुसरीकडे आहे. सम्राटाच्या जागी आपण असतो तर काय केले असते? एका पाहुण्याने आल्याबरोबर आपली माणसे मारली, आणि दुसऱ्याने शांतपणे सांगितले की आमचे सारे जातभाई असेच आहेत. ज्याप्रमाणे कैद्याला पहारेकऱ्याचे मन वाचता येत नाही, त्याप्रमाणे पहारेकऱ्यालाही कैद्याचे वाचता येत नाही. १८९८ च्या ‘ग्रहयुद्ध’ ह्या कादंबरीत वेल्सने आरंभीच टास्मानियाच्या आदिवासींच्या संहाराची आठवण दिली होती. मंगळावरच्यांना दोष देण्यापूर्वी आपण काय केले ते पाहा, असे त्याचे म्हणणे होते. चंद्राच्या गोष्टीत तेच म्हणणे आणखी बारीक झाले आहे. बेडफर्डच्या ठोशाने केव्हरची बोलणी फसली. पळून जाणाऱ्याच्या सुटकेची किंमत पुष्कळदा मागे राहणाराच भरतो.

तिसरा लेखक स्वतः कैदी होता. प्येअर बूल हा फ्रेंच अभियंता १९३६ पासून मलायातील रबराच्या मळ्यावर काम करीत असे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर तो सिंगापुरात स्वतंत्र फ्रान्सच्या पक्षास मिळाला आणि पीटर जॉन रूल असे इंग्रजी नाव घेऊन हिंदीचीनच्या मुलखात हेरगिरीस शिरला. १९४२ साली तो पकडला गेला. पकडणारे जपानी नव्हते, व्हिशी सरकारशी निष्ठा राखणारे फ्रेंचच होते. त्याचीच भाषा बोलणाऱ्या, त्याच्याच देशाच्या माणसांनी त्याला सक्तमजुरी दिली. १९४४ साली तो निसटला. एकाच देशातले कोण आपले आणि कोण परके, हे झेंड्यावरून किंवा बोलीवरून ठरत नाही, हा धडा त्याला अंगावर मिळाला होता.

ह्या अनुभवातून त्याने दोन पुस्तके लिहिली असे म्हणता येईल. १९५२ च्या ‘क्वाय नदीवरील पूल’ ह्या कादंबरीत युद्धकैदी झालेला इंग्रज कर्नल शत्रूसाठी पूल बांधता बांधता त्या पुलाच्याच प्रेमात पडतो. त्यावरचा चित्रपट १९५७ साली निघाला. दुसरे पुस्तक म्हणजे १९६३ चा ‘वानरांचा ग्रह’. तीन प्रवासी दूरच्या ताऱ्याजवळील एका ग्रहावर उतरतात. तेथे वानर राज्य करतात आणि माणसे मुकी जनावरे आहेत. एक प्रवासी शिकारीत मरतो. दुसरा, वयस्क प्राध्यापक, प्राणिसंग्रहालयात पडून हळूहळू स्वतःही जनावर बनतो. तिसरा, युलिस मेरू, प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात येतो.

तेथे त्याला झीरा भेटते. ती चिंपांझी जातीची शास्त्रज्ञ आहे, त्याच पिंजऱ्याची अधिकारी आहे. मेरू तिच्या वहीत भूमितीच्या आकृत्या काढतो, तेव्हा तिला कळते की हा प्राणी विचार करणारा आहे. ती त्याला गुपचूप आपली भाषा शिकविते आणि थांबावयास सांगते. मेरूचा पेच नेमोच्या कैद्यांसारखाच आहे, पण झीरा मात्र नेमोसारखी नाही. तिच्या वरचा अधिकारी, ओरांगउटान जातीचा झेयस, ह्या प्राण्याचा मेंदू कापावयास टपलेला आहे. ते गुपित राखण्यात झीराची नोकरी, तिचा लौकिक आणि तिच्या वाग्दत्त वराचे, कॉर्नेलियसचे, भवितव्य पणाला लागते. शास्त्रज्ञांच्या परिषदेत मेरू बोलून दाखवितो व मोकळा होतो. पुढे पुरातन माणसांच्या संस्कृतीचा पुरावा सापडतो आणि मेरूला मूल होते, तेव्हा वानरांना भीती वाटू लागते. त्या वेळी अंतराळात पाठवावयाच्या प्रयोगाच्या माणसांच्या जागी मेरूचे कुटुंब बसवून त्याला पळवून लावण्याची व्यवस्था करतात ते झीरा आणि कॉर्नेलियसच. येथे पळणे आणि विश्वासणे ह्या दोन वाटा एक होतात. मित्र खरा असला की तोच दार उघडतो, आणि आपण त्याला मुकणार हे जाणून उघडतो.

चौथी लेखिका आपल्याला डग्लसच्या देशात परत नेते. ऑक्टेव्हिया बटलर ही आफ्रिकी वंशाची अमेरिकन लेखिका १९४७ साली जन्मली. तिच्या ऐन उमेदीच्या काळात तिच्या समाजातील काही तरुण आपल्या वाडवडिलांवर संतापत : त्यांनी इतके सोसले कसे, ते मेले का नाहीत? बटलरला हा संताप अन्यायाचा वाटला. ज्यांनी खाली मान घालून दिवस काढले त्यांनीच लेकरे जगविली, हे त्यात विसरले जात होते. त्यातून १९७९ ची ‘किंड्रेड’ ही कादंबरी निघाली. तीत आजची एक कृष्णवर्णी स्त्री मेरीलँडच्या गुलामीच्या काळात ओढली जाते. आणि १९८७ साली आली ती ‘पहाट’.

‘पहाट’मध्ये अणुयुद्धाने पृथ्वी उद्ध्वस्त झाली आहे. उरलेल्या माणसांना ओआंकाली नावाच्या परग्रहवासीयांनी उचलून आपल्या यानात अडीचशे वर्षे झोपवून ठेवले आहे. लिलिथ ही त्यांतली एक. तिला जाग येते ती दारे नसलेल्या खोलीत. ओआंकाली तिच्याशी क्रूरपणे वागत नाहीत. त्यांनी तिचा कर्करोग बरा केला आहे, पण तिला न विचारता. ते पृथ्वी पुन्हा राहण्याजोगी करीत आहेत, पण मोबदला म्हणून त्यांना माणसाच्या बीजाशी आपले बीज मिसळावयाचे आहे, आणि पुढची पिढी निर्भेळ माणसाची असणार नाही. इतर माणसांना जागे करून पृथ्वीवर जगण्याचे शिक्षण देण्याचे काम ते लिलिथवर सोपवितात. तिच्या मनातला बेत असा की, शिकून घ्यावे आणि संधी साधून सर्वांनी पळावे. पण जागी झालेली माणसे तिलाच परक्यांची हस्तक समजतात. तिच्या जिवलगाला मारतो तो ओआंकाली नव्हे, माणूसच. शेवटी इतरांना पृथ्वीवर पाठविले जाते आणि लिलिथला मागे ठेवले जाते. तिच्या पोटात तिच्या संमतीवाचून ठेवलेला गर्भ आहे.

मागे राहिलेल्याला वकील मिळाला असे जे आम्ही म्हणालो, ते हेच. लिलिथ भ्याड नाही, फितूरही नाही. पळण्याची जागाच उरलेली नसताना, पुढे कोणी तरी पळू शकावे म्हणून ती थांबते. श्रीरंगपट्टणच्या पलटणीत नाव घातलेल्या ज्या शिपायांनी पुस्तक लिहिले नाही, मेरीलँडच्या शेतांवर ज्या आयांनी आयुष्य काढले, त्यांची बाजू एका यानात कोंडलेल्या कल्पित स्त्रीने मांडली. आणि तरीही बटलर ओआंकालींना मित्राची पदवी देऊन टाकीत नाही. ते खोटे क्वचितच बोलतात, पण सर्व सांगत नाहीत. ते देतात फार, परंतु घ्यावयाचे ते विचारल्याशिवाय घेतात.

आता ह्या चौघांना एकत्र पाहू. विज्ञानकथेने ह्या जुन्या पेचात भर काय घातली? आमच्या समजुतीप्रमाणे ती अशी. इतिहासातला कैदी पहारेकऱ्याची पारख करताना नकळत ओळखीच्या खुणा शोधतो : भाषा, धर्म, वर्ण, चेहरा. ह्या खुणा पुष्कळदा फसवितात, बूलला त्यांनीच फसविले. विज्ञानकथा ह्या खुणा पुसूनच टाकते. कीटकाच्या चेहऱ्यावर दया वाचता येत नाही, ओआंकालीला तर डोळेच नाहीत. मग उरते फक्त वर्तन. आणि वर्तनाला लावावयाची कसोटी ह्या कथांतून वर येते ती एकच : कैद्याच्या स्वातंत्र्यासाठी हा स्वतःचे काय गमावण्यास तयार आहे?

ह्या कसोटीवर नेमो उदार यजमान ठरतो, पण मित्र ठरत नाही. चंद्राचा सम्राट जिज्ञासू श्रोता ठरतो. ओआंकाली जीवदान देतात आणि त्याचा हिशेब ठेवतात. झीरा मित्र ठरते, आणि डग्लसला कागद देणारा खलाशी मित्र ठरतो. गोड शब्द, चांगले अन्न, मऊ बिछाना, फार काय प्राण वाचविणेसुद्धा, ह्यांपैकी कशानेही हा प्रश्न सुटत नाही. मालकही आपल्या घोड्याला आगीतून बाहेर काढतो.

ह्या कसोटीला दुसरी बाजूही आहे, आणि ती केव्हर शिकवितो. जो आपल्यासाठी दार उघडतो तोही आपल्यावर विश्वास टाकीत असतो. आपण सुटल्यावर त्याचे नाव सांगू काय? आपला पहिला ठोसा त्याच्याच जातभाईवर पडेल काय? डग्लसने त्रेचाळीस वर्षे तोंड मिटून ठेवले, ते ह्या विश्वासाचे देणे फेडण्यासाठी. विश्वास ठेवावा की नाही, एवढेच कैदी विचारतो, तेव्हा तो अर्धाच प्रश्न विचारीत असतो. आपण विश्वासास पात्र आहोत काय, हा उरलेला अर्धा.

हे सारे तुरुंगापुरतेच आहे असे श्रोत्यांनी समजू नये. मोठ्या सत्तेच्या आश्रयाने जगणारे छोटे राष्ट्र, सासरी परक्या माणसांत आलेली मुलगी, सावकाराच्या मेहेरबानीवर पेरणी करणारा शेतकरी, ह्यांच्यापुढे कमीअधिक प्रमाणात हाच प्रश्न असतो. जो आपल्याला सांभाळतो तो आपला आहे काय? त्याचे उत्तर त्याच्या बोलण्यात शोधू नये आणि त्याने दिलेल्या देणग्यांतही शोधू नये. आपण उद्या जातो म्हटले तर तो काय करील, आणि आपल्याला जाता यावे म्हणून तो आपल्या पदरचे काय खर्च करील, तेथे ते शोधावे. ज्या दिवशी हे उत्तर मिळते त्या दिवशी पळावे की थांबावे, हा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. आणि ज्याला ते मिळत नाही, तो थांबला म्हणून त्याला हिणवण्याचा हक्क दाराबाहेर उभ्या असलेल्या आपणां कोणासही नाही.